वायर भिंतीत जाण्याआधी

घराचं काम चालू असेल आणि हॉलमध्ये होम थिएटर बसवायचं मनात असेल, तर हे प्लास्टर व्हायच्या आत वाचा. नंतर वाचून फार उपयोग नाही. मी नंतर शिकलो.

२०१९ साली आमच्या पुण्यातल्या फ्लॅटचं काम काढलं, तेव्हा स्पीकर निवडायला मी तीन महिने घेतले. रविवार असला की कुठल्या तरी दुकानात जाऊन ऐकत बसायचो. वायर मात्र वायरमनवर सोडली. तो म्हणाला, "साहेब, आवाजाच्या वायरीला कुठं एवढा करंट असतो? चौदा-छत्तीस ओढतो, बास झालं." मी हो म्हटलं. पीओपी झालं, रंग झाला, सिस्टीम लागली. पुढचे तीन स्पीकर छान वाजत होते आणि सोफ्यामागचे दोन आहेत की नाहीत, तेच कळत नव्हतं. दुकानदार म्हणाला खोलीचा दोष, मित्र म्हणाला सेटिंगचा. सहा महिने मी सेटिंगच बदलत राहिलो.

शेवटी एका रविवारी मागच्या डाव्या स्पीकरची वायर सोडवली, तिची स्पीकरकडची दोन्ही टोकं एकमेकांना पिळून जोडली आणि रिसीव्हरच्या, म्हणजे सगळ्या स्पीकरना आवाज पुरवणाऱ्या पेटीच्या, बाजूने मल्टिमीटर लावला. मीटरच्या काड्यांचा स्वतःचा रोध वजा करून आकडा आला १.८ ओहम. स्पीकर ६ ओहमचा. म्हणजे स्पीकरकडे निघालेल्या शक्तीतला जवळजवळ पाव हिस्सा भिंतीतल्या वायरीतच संपत होता. आवाज सव्वादोन डेसिबलने खाली. शिवाय स्पीकरचा इम्पीडन्स, म्हणजे करंटला होणारा त्याचा विरोध, प्रत्येक स्वराला वेगळा असतो, त्यामुळे वायरीचा रोध वाढला की कुठला स्वर जास्त दबतो, कुठला कमी. नुसता व्हॉल्यूम वाढवून हे पूर्ण भरून निघत नाही.

असं का झालं, ते सांगतो. चौदा-छत्तीस म्हणजे ३६ गेजच्या १४ बारीक तारा, मिळून साधारण ०.४ चौरस मिलिमीटर. आमची खोली पंधरा फुटांची, पण वायर टीव्हीच्या भिंतीतून वर चढते, पीओपीतून फिरते आणि सोफ्यामागे उतरते. तो रस्ता भरला १४ मीटर. करंट जातो आणि परत येतो, म्हणून हिशोबाला धरायचे २८ मीटर. शुद्ध तांबं असतं तरी एवढ्या लांबीला १.२ ओहमच्या आसपास रोध आला असता. आमच्या वायरीत तांबंही नव्हतं. होतं ॲल्युमिनियम, वरून तांब्याचा पातळ थर दिलेलं. बाजारात त्याला सीसीए म्हणतात. त्याचा रोध तांब्याच्या दीडपट धरून चाला.

ही सीसीए वायर दिसायला अगदी तांब्यासारखी, लालसर, चकचकीत. पारदर्शक आवरणात तर जास्तच छान दिसते. म्हणून विकत घेताना एक तार बाहेर काढा आणि ब्लेडने खरवडा. आतून पांढरी निघाली तर परत द्या. उलटंही होतं: काही वायरींना कथिलाचा मुलामा असतो, त्या वरून पांढऱ्या आणि आतून लाल. त्या खुशाल घ्या. बंडल हातात घेतलं तरी अंदाज येतो, कारण ॲल्युमिनियम तांब्याच्या तिसऱ्या हिश्शापेक्षाही हलकं असतं. पुण्यात तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रिकच्या दुकानांत मी आता वायर आधी हातावर तोलतो, भाव नंतर विचारतो. दुकानदारांना त्याचं काही वाटत नाही. ज्यांना वाटतं, त्यांच्याकडून घेऊ नये.

जाडीचा माझा नियम असा. वायरीचा जाऊन-येऊन एकूण रोध स्पीकरच्या ओहमच्या ५ टक्क्यांच्या आत राहिला पाहिजे. तांब्याच्या १.५ चौरस मिलिमीटर वायरीत १० मीटरच्या रस्त्याला ०.२३ ओहम येतो. ८ ओहमच्या स्पीकरला तेवढा आरामात चालतो, ६ ओहमलाही चालतो. रस्ता त्याहून लांब असेल किंवा स्पीकर ४ ओहमचा असेल, तर २.५ घ्या. घरातल्या बहुतेक कामांना याच्या पुढे जावं लागत नाही. मी पीओपी फोडून २.५ ची ओढली. त्याच १४ मीटरला आता ०.१९ ओहम आहे, आणि सिनेमात पाऊस पडतो तेव्हा तो आमच्या पाठीमागेही पडतो.

आता दुसरं टोक. रिसीव्हर घेताना मला त्याच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्शाची स्पीकर केबल दाखवली होती. ऑक्सिजनमुक्त तांबं, ९९.९९ टक्के शुद्ध, विणकामाचं आवरण. ऑक्सिजनमुक्त तांबं आणि चांगल्या घरगुती वायरीतलं तांबं यांच्या वाहकतेत एखाद्या टक्क्याचा फरक असतो. तेवढा फरक वायर हातभर लांब-आखूड झाली तरी पडतो. २००७ मध्ये अमेरिकेत भोंदू दावे उघडे पाडणारे जादूगार जेम्स रँडी यांनी ७,२५० डॉलरची स्पीकर केबल डोळे झाकून ओळखून दाखवणाऱ्याला दहा लाख डॉलर देऊ केले होते. ती चाचणी झालीच नाही. ज्यांना अशी केबल आवडते त्यांच्याशी माझं भांडण नाही. पण तेरा-चौदा हजारांच्या स्पीकरच्या मागे आठ हजारांची केबल लावून घेणाऱ्या माणसाला कोणीतरी सांगायला हवं होतं की तेच पैसे स्पीकरमध्ये घाल. दुकानदार ते सांगत नाहीत, याचा मला खरंच राग येतो.

सोन्याचा मुलामा मात्र सरसकट थोतांड नाही. सोनं तांब्यापेक्षा चांगलं वाहक नाही, पण ते गंजत नाही. रत्नागिरीला किंवा गोव्यात समुद्राजवळ राहणाऱ्यांनी मुलामा दिलेले बनाना प्लग, म्हणजे वायरीच्या टोकाला लावायचे प्लग, जरूर वापरावेत. उघडी तांब्याची टोकं तिथल्या हवेत लवकर काळी-हिरवी पडतात. पडली तर अर्धा इंच कापून नवीन टोक काढायचं.

साउंडबारवाल्यांचा प्रश्न वेगळाच असतो. बऱ्याच घरांत साउंडबार ऑप्टिकल केबलने जोडलेला दिसतो. ती तोशिबाने १९८३ मध्ये आणली. तिच्यातून स्टीरिओ किंवा जुन्या पद्धतीचा ५.१ (पाच स्पीकर, एक सबवूफर) आवाज जातो, ॲटमॉस, म्हणजे डोक्यावरूनही आवाज आल्यासारखं वाटायला लावणारी पद्धत, जात नाही. तुम्ही ॲटमॉसचे पैसे भरलेत, तर टीव्हीच्या ज्या एचडीएमआय सॉकेटवर एआरसी किंवा ईएआरसी लिहिलंय, त्यालाच साउंडबार जोडा आणि टीव्हीच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये पास-थ्रू (आवाज न बदलता पुढे पाठवणं) निवडा. केबल दीड-दोन मीटरची असेल तर प्रमाणित 'हाय स्पीड विथ इथरनेट' पुरते. प्रोजेक्टरपर्यंत १० मीटर ४के चित्र न्यायचं असेल, तर फायबरची एचडीएमआय घ्या. तिला दिशा असते. कुठलं टोक प्रोजेक्टरकडे हे पाइपात ओढायच्या आधी बघा, आणि ओढायच्याही आधी जमिनीवर पसरून चालवून बघा. पाइप मोठ्या व्यासाचा घाला आणि काटकोनी एल्बोऐवजी लांब वळणाचे बेंड लावा, नाहीतर प्लग वळणावर अडकतो. पाइपात एक मोकळी दोरीही ठेवा.

शेजारच्या काकांच्या सबवूफरमधून सतत घूंऽऽ असा आवाज यायचा. दुकानातून त्यांना महागडी शिल्डेड केबल दिली, घूं तसाच. मी डिशची केबल सेट टॉप बॉक्समधून काढली आणि आवाज थांबला. डिशच्या केबलमधून एक अर्थिंग येत होतं, सॉकेटमधून दुसरं. सबवूफरला जाणाऱ्या आवाजाच्या केबलवर दोन अर्थिंग वेगळी ठेवणारा छोटा आयसोलेटर बसवला, काम झालं. हे लिहितोय कारण त्याआधी एकाने काकांना प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकायचा सल्ला दिला होता. तसं कधीही करू नका. घूं जातो, पण उपकरणात बिघाड झाला तर करंट अंगावर येतो. काकांच्या घरी दोन वर्षांची नात आहे. त्याच काळजीने सांगतो, स्पीकरच्या वायरी आणि २३० व्होल्टच्या वायरी एका पाइपात घालू देऊ नका, वायरमन कितीही म्हणाला तरी.

घराचं काम चालू असलेल्यांनी टीव्हीपासून प्रत्येक स्पीकरपर्यंतचं अंतर पाइपाच्या वाटेने मोजून खाली लिहा. खोलीची लांबी नको, पाइपाची वाट. सोबत स्पीकरच्या मागे छापलेला ओहमचा आकडाही द्या. कुठली जाडी लागेल ते हिशोब करून सांगतो. प्लास्टरची तारीख जवळ असेल तर तसं आधी लिहा, त्यांना पहिलं उत्तर देतो.