समोरच्याचं नंतर बघू, आधी आपल्याचं सांगा

आज सकाळी महापालिका निवडणुकीतल्या आपल्या उमेदवाराची प्रचारफेरी नाशिकच्या सिडकोतल्या आमच्या गल्लीत आली. 'आपल्या' म्हणते, कारण हे वाचणाऱ्या बहुतेकांचं मत कुठे जाणार ते मला ठाऊक आहे. माझंही तिथेच जात आलंय. औक्षण झालं, हार झाले. ते हात जोडून आमच्या फाटकाशी आले तेव्हा मी एवढंच विचारलं, "बागेसाठी सोडलेल्या भूखंडावर तुमचं संपर्क कार्यालय आहे, ते कधी हलवणार?"

"बघू ना ताई," म्हणाले आणि पुढच्या दारात गेले. मागे थांबलेला कार्यकर्ता, आमच्या डोळ्यांसमोर वाढलेला मुलगा, मला म्हणाला, "समोरच्यावर किती केसेस आहेत माहितीये ना? आणि तुम्ही पत्र्याच्या शेडचं काय घेऊन बसलात?"

दुपारपर्यंत ग्रुपवर तेच. दगडापेक्षा वीट मऊ. आत्ता ही वेळ नाही. पॅनल टू पॅनल चालवा, म्हणजे प्रभागातली चारही मतं आपल्याच पक्षाला द्या.

मग वेळ कधी असते? मार्च २०२२ पासून या २०२६ च्या निवडणुकीपर्यंत महापालिकेवर प्रशासकच. जवळपास चार वर्षं या शहरात नगरसेवकच नव्हता, गटार तुंबलं तर कोणाच्या दारात जायचं तेही माहीत नव्हतं. आता कुठे उमेदवार आपल्या दारात येतोय, तर आपणच तोंड शिवून घ्यायचं?

त्या भूखंडावर जाऊन बघा. निळे पत्रे, दाराला काच, आत एसी, आणि कोपऱ्यात उपटून टाकलेली घसरगुंडी. तिच्यावर वाढदिवसाच्या जुन्या फ्लेक्सची गुंडाळी ठेवलीये. पोरं रस्त्यावर खेळतात, टेम्पो आला की बाजूला होतात.

मला माझी आत्या आठवली. निफाड तालुक्यातलं आमचं गाव. अण्णा, म्हणजे माझे वडील, ग्रामपंचायतीत होते आणि पुन्हा उभे राहिले होते. विरोधातला माणूस व्याजाने पैसे देऊन लोकांच्या जमिनी खिशात घालणारा, सगळ्या गावाला माहीत. मारुतीच्या पारावर बैठक भरली आणि गावातच दिलेली माझी सख्खी आत्या उभी राहिली. "भाऊ, आमच्या आळीच्या आधी तुझ्या मेव्हण्याच्या मळ्यात नळ कसा गेला ते सांग. मग मत माग."

लोक तिच्यावरच उखडले. अगं, समोरच्याला विचार की! ती म्हणाली, "त्याला काय विचारू? त्याच्याकडून माझी अपेक्षाच नाही."

मला आज हेच म्हणायचंय. २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने उमेदवाराचे गुन्हे, मालमत्ता आणि शिक्षण जाणून घेणं हा मतदाराचा हक्क मानला. २०२० साली लोकसभा-विधानसभेच्या उमेदवारांबाबत पक्षांना बजावलं की गुन्हे दाखल असलेल्यालाच तिकीट का दिलं ते जाहीर करा, आणि 'निवडून येतो' हे कारण चालणार नाही. न्यायालयाला जे कारण चालत नाही ते आपण चहाच्या टपरीवर एकमेकांना ऐकवतो! समोरचा तसा आहे म्हणून आपलाही थोडा तसा चालेल, आणि पुढच्या वेळी अजून थोडा. कुंभमेळ्याच्या साधुग्रामासाठी तपोवनातली झाडं तोडायला निघाले आणि ती वाचवायला आपण सगळे धावलो तेव्हा आपले हे उमेदवार कुठे होते? आपला तो बाब्या म्हणून तेही कोणी विचारलं नाही.

शेड आणि समोरच्याचे गुन्हे एका मापाने मोजता येत नाहीत. कबूल. आणि अण्णा ती निवडणूक हरले, हेही सांगून टाकते. त्यांनी आठवड्यात मेव्हण्याचा नळ तोडला, मामा कित्येक वर्षं आमच्याशी बोलला नाही, आणि तरी अण्णा पडले. पुढची पाच वर्षं गावाने भोगली. तुमची भीती मला कळत नाही असं नाही.

पण अण्णांनी आत्याला कधी बोल लावला नाही. त्या वर्षी भाऊबीजेला स्वतः तिच्याकडे गेले. मी मोठी झाल्यावर एकदा विचारलं, राग नाही आला? म्हणाले, "आला ना. पण तिने विचारलं नसतं तर पुढचे दोन नळही मी तसेच दिले असते."

अण्णा चांगले होते म्हणूनच त्यांना विचारण्यात अर्थ होता. आपल्या उमेदवारातही काही चांगलं आहे असं मला अजून वाटतं. कोविडच्या दिवसांत त्यांनी ऑक्सिजनसाठी रात्री-रात्री केलेली धावपळ मी पाहिली आहे. वाटत नसतं तर फाटकाशी उभं राहून विचारलंच नसतं.

सकाळच्या त्या मुलाला मी जरा जास्तच तोडून बोलले. बिचारा उन्हात फिरतोय, पाणीही न पिता गेला. पण प्रश्न मागे घेणार नाही. आमच्या प्रभागात प्रत्येकाला चार मतं आहेत आणि ती चारही मतं डोळे झाकून द्यायची नाहीत असं मी ठरवलंय. आपल्या पॅनलमधल्या बाकी तिघांच्या शपथपत्रांच्या प्रिंट काढायला दिल्यात. उद्या संध्याकाळी चौकसभा आहे. मी भूखंडाचं विचारणार आहे, माईक मिळाला तर माईकवर, नाहीतर खालून. सिडकोतल्या कोणाला सोबत यायचं असेल तर फोन करा.