चंबळची वाळू आणि 'नुसता जाच'

नमस्कार. चंबळ नदीवरच्या लेखात मी तिला 'मुक्त' म्हटलं आणि वाळूच्या बेटांवर उतरू नका असं लिहिलं, त्याला तुमचे दोन आक्षेप आहेत. वर चार बांध असलेल्या नदीला 'मुक्त' म्हणणं ही दिशाभूल, आणि पैसे मोजून आलेल्या पर्यटकाला बेटावर उतरू न देणं हा नुसता जाच, कारण वाळूउपशापुढे पर्यटक किरकोळ.

पहिला मान्य. गांधीसागर, राणा प्रताप सागर, जवाहर सागर आणि कोटा बराज या चार बांधांमुळे 'मुक्त' हा शब्द चुकलाच. 1979 पासून अभयारण्य म्हणून संरक्षित असलेला नदीचा बहुतेक पट्टा यांच्या खालच्या अंगाला आहे, आणि उन्हाळ्यात तिथे पाणी उतरलेलं असतं. पण याच कारणाने तुमचा दुसरा आक्षेप लंगडा पडतो.

पाणचिऱ्याचं उदाहरण घ्या. खालची चोच वरच्यापेक्षा लांब असलेला हा पक्षी साधारण मार्च-एप्रिलपासून उघड्या वाळूत नुसत्या खळग्यात अंडी घालतो. बेटाभोवती पाणी आहे तोवर ठीक. पाणी उतरून बेट काठाला चिकटलं की कुत्री नि कोल्हे चालत पोचतात, आणि वरून एकदम पाणी सुटलं तर घरटंच वाहून जातं. पक्षी अंड्यांवर बसतो तो ऊब द्यायलाच नव्हे, भर दुपारी सावली धरायलाही. अंडी गार राहावीत म्हणून पोटाची पिसं भिजवून येतो. तुम्ही उतरलात की तो उडतो, आणि अंडी तापलेल्या वाळूवर उघडी पडतात. वाळूच्या रंगाची ती अंडी पायाखाली येईपर्यंत दिसतही नाहीत.

सुसरीचं (तिकडे घडियाल म्हणतात) दुखणं निराळं. मोठी सुसर मगरीसारखी पोट उचलून चालू शकत नाही, सरपटते. म्हणून तिला खोल पाण्याला लागूनच उतरती वाळू लागते, आणि अशा जागा मोजक्याच. मार्चअखेर-एप्रिलमध्ये ती तिथेच खड्डा करून अंडी पुरते. पिल्लं पावसाच्या तोंडावर, मे-जूनमध्ये बाहेर येतात. वाळूउपसा या जागाच उचलून नेतो. त्यापुढे पर्यटक किरकोळ, हे तुमचं म्हणणं खरं आहे. पण म्हणून उरलेल्या वाळूवर आपण उतरावं, हे कुठलं गणित?

आता कामाचं. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जा. पहाटेची फेरी सुसरींसाठी फुकट जाते, कारण वाळू तापल्याशिवाय त्या वर येत नाहीत. दहानंतरची बोट धरा. नावाड्याला सांगा, लांबूनच इंजिन बंद करून प्रवाहाबरोबर येऊ द्या. चालत्या इंजिनावर आठपट मोठं दाखवणारी (8×42) दुर्बीणही थरथरते. सूर्य पाठीशी ठेवा. सुसरीने डोकं उचललं की तिथेच थांबायचं. थंडीत ती पाण्यात गेली, तर अंगात साठवलेली ऊब वाया जाते, आणि तुमचा फोटोही.

पाय मोकळे करायचे तर घाटावर करा. नावाडी नाही म्हणाला, तर बेटासाठी जास्तीचे पैसे पुढे करू नका.