पुराच्या रेघेवर पुट्टी मारायला कुणी सांगितलं होतं?

काल दुपारी सासूबाईंना डोळे दाखवायला मिरजेला नेलं होतं. परत येऊन बघते तर अंगणातल्या जिन्याची भिंत पांढरीफेक. वरच्या पायरीवर रंगारी डबा खात बसलेला. म्हटलं, "इथल्या रेघा कुठं गेल्या?" तर म्हणतो, "साहेबांचा फोन आला होता, दोन हात पुट्टी मारून घे म्हणाले. गिऱ्हाईक दचकतंय म्हणे." साहेब म्हणजे आम्ही घर विकायला काढलंय त्याचा एजंट. घर आमचं, भिंत आमची, रंगाऱ्याची मजुरी आम्ही देणार आणि हुकूम साहेबांचा!

सांगलीच्या गावभागात ज्याचं घर आहे त्याला त्या रेघा काय ते सांगायला नको, महापुराचं पाणी चढलं तिथवरच्या. २००५ ची गुडघ्याच्या वर, २०२१ ची कमरेशी आणि २०१९ ची माझ्या डोक्याइतकी. पहिली आणि २०१९ ची मामंजींनी खिळ्यानं कोरलेली, शेजारी साल आणि महिना. कोरून झाल्यावर त्यात निळा ऑइलपेंट भरायचे, पुसू नये म्हणून. २०२१ ची ह्यांनी कोरली, कारण तोवर मामंजींच्या हातात जोर राहिला नव्हता. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाणी बावन्न फूट झालं की आमच्या पायरीला पाणी लागतं, हे या घरातलं पोरगंसुद्धा सांगेल. २०१९ ला आयर्विनची पातळी सत्तावन्नच्या वर गेली होती. तो आकडा पेपरात वाचायचा आणि भिंतीवर बघायचा, यात फरक आहे. आणि हा कालचा पोरगा, ज्याला २००५ साली चड्डीची नाडी बांधता येत नसेल, तो फोनवरून ते पुसून टाकतो!

मी त्याला तिथल्या तिथं फोन लावला. म्हणतो, "काकू, टेन्शन घेऊ नका, घर विकायचं तर पॉझिटिव्ह दिसलं पाहिजे." अरे, पॉझिटिव्ह म्हणजे काय? घेणारा माणूस लेकराबाळांना घेऊन इथं राहायला येणार. जुलै-ऑगस्टमध्ये कोयनेतनं विसर्ग वाढवला की त्यानं फ्रीज कधी वर चढवायचा, गाडी कधी उंचावरच्या विश्रामबागेत नेऊन लावायची, हे त्याला कोण सांगणार? तुझी पुट्टी? मी म्हटलं, ती रेघ दिसली म्हणून जो परत जाईल त्यानं जावं, त्याला हे घर झेपायचं नाही. तर म्हणतो, "तुम्ही फार इमोशनल होताय." इमोशनल! खरं सांगायला निघालेली बाई इमोशनल, आणि खोटं झाकणारा प्रोफेशनल.

पुट्टी ओली होती म्हणून बरं. रंगाऱ्याकडची पत्री घेऊन मीच खरवडायला बसले. अंगावरची निघाली, पण कोरलेल्या आकड्यांत जाऊन बसलेली निघेना. मग दाभण आणलं आणि एकेक आकडा कोरत बसले. नवाचं पोट, शून्याची कड. खाली निळा रंग दिसायला लागला तेव्हा कुठं श्वास सुटला. रंगारी बिचारा पाणी आणून देत होता, त्याचा काही दोष नाही. तो म्हणत होता, "मावशी, मला काय माहीत?" खरंच आहे. ज्याला माहीत होतं तो एसीत बसून फोन करत होता.

आणि रंगाचं म्हणाल तर रंगसुद्धा मला आत्ता नकोच होता. पावसाळा संपून महिना झाला नाही, खालच्या भिंतींना अजून ओल आहे, कोपऱ्यात लोणा, म्हणजे भिंतीतला क्षार, फुटलाय. अशा भिंतीवर पुट्टी आणि रंग चढवला की आतली ओल अडकते, आणि संक्रांतीपर्यंत पोपडे धरतात. हे मी त्याला गणपती बसायच्या आधी सांगितलं होतं. म्हटलं, भिंती वाळू देत, लोणा ब्रशनं झाडू, मग बघू. तर एजंटाचं उत्तर काय? "काकू, रजिस्ट्रीपर्यंत टिकलं की झालं." हे वाक्य माझ्या डोक्यातनं जात नाही. जो माणूस आयुष्याची पुंजी घालून घर घेणार, त्याच्याबद्दल हे बोलतो आणि वर दोन टक्के दोन्ही बाजूंनी मागतो.

म्हणे सीझन आहे. पितृपक्षात कोणी घर बघत नाही, म्हणून घटस्थापनेपासून दिवाळीपर्यंत सगळं उरकायचं. दसऱ्याला इसार, पाडव्याला ताबा. हे गणित नोकरदारांचं, बोनसवाल्यांचं. आमच्याकडं घर बघायला आलेली निम्मी माणसं तासगाव-पलूसकडची. ऑक्टोबरात त्यांची द्राक्षाची छाटणी चाललेली असते, सगळा पैसा औषधात आणि मजुरीत. त्यांच्या हातात पैसा खेळतो तो उन्हाळ्यात, बेदाणा विकला की. उसाचा माणूस तर तोंडावर सांगतो, कारखाना सुरू होऊ द्या, बिल येऊ द्या. मग ही घाई कुणासाठी? एजंटाला दिवाळीच्या आत कमिशन पाहिजे म्हणून मी घर नटवत बसायचं?

नटवणं तरी कसलं! कुठलीतरी रील दाखवली आणि म्हणाला, याला होम स्टेजिंग म्हणतात. घर मोकळं दिसलं पाहिजे. झोपाळा काढा. शिलाई मशीन काढा. स्वयंपाकघरातल्या लोणच्याच्या बरण्या दिसायला नकोत. ट्यूबलाइट काढून पिवळे दिवे लावा. गिऱ्हाईक यायच्या आधी फोडणी घालू नका, वास येतो. नवरात्रात आला तेव्हा घट बसलेले. नंदादीप तेवतोय. मला म्हणतो, "हे दोन दिवस आतल्या खोलीत ठेवता येईल का? फोटोत काळपट दिसतंय." बसलेला घट हलवायचा! सासूबाई देवासमोर बसलेल्या, त्यांनी नुसतं वर बघितलं. मी त्याला हाताला धरून बाहेर काढायला पाहिजे होतं, पण सणाचा दिवस, घरात आलेला माणूस, म्हणून चहा दिला. आणि हाच माणूस दसऱ्याला सकाळी दारात हजर, कारण झेंडूचं तोरण फोटोत छान येतं. म्हणजे आमचा देव पाहिजे, पण सजावटीपुरता.

मग म्हणतो मामंजींचा फोटो उतरवा. "मयताचा फोटो बघून लोक दबकतात, काकू." ज्यानं पैपैसा जोडून हे घर बांधलं त्याचा फोटो त्याच्याच घरात नको. भाड्यानं आणलेला राखाडी सोफा चालतो. त्या सोफ्यावर सासूबाईंना बसता येत नाही, खोल आहे, उठताना दोघं लागतात. पण फोटोत छान येतो ना!

घर बघायला येणाऱ्यांचंही आता बोलूनच टाकते. चपला न काढता देवघरापर्यंत येतात. कपाटं उघडतात. कपाटं विकायला काढलीत का आम्ही? रविवारी एक गृहस्थ आले ते फोनमधलं होकायंत्र घेऊनच. दार कुठल्या दिशेला, संडास कुठल्या कोपऱ्यात, जिना डावीकडून का वळतो. अर्धा तास वास्तू. मी वाट बघत होते, की हा माणूस आता विचारेल, पाणी कुठपर्यंत येतं? निळ्या पूररेषेत आहे का, लाल रेषेत? उद्या वर मजला चढवायचा म्हटला तर परवानगी मिळेल का? काही नाही. निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांतनं एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे शंभरातनं एकदाच्या, आणि या रेषांवर तुमचं बांधकाम अडतं, ईशान्य कोपऱ्यावर नाही. शेवटी मीच बोलायला तोंड उघडलं तर एजंट मध्ये पडला, "काकू, चहा टाकता का?" माझ्याच घरात मला गप्प करायला चहा!

आणि जाता जाता त्या गृहस्थांचं ठरलेलं वाक्य. रेडी रेकनरइतकं, म्हणजे सरकारी दराइतकं, कागदावर दाखवू, उरलेलं रोख. सगळे असंच करतात म्हणे. घराच्या व्यवहारात वीस हजार किंवा वर रोख घेतली तर घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. घेणारे आम्ही. स्टँप ड्युटी वाचणार त्यांची, नोटीस येणार ह्यांच्या नावावर, पेन्शनीच्या वयात. मी नाही म्हटलं तर एजंटाचं तोंड एवढंसं झालं.

रात्री पुण्याहून भावजींचा फोन. एजंटानं त्यांना आधीच लावून दिलेलं. "वहिनी, मार्केट असंच चालतं, थोडं ॲडजस्ट करा." भावजी २०१९ ला पुण्यात होते. सासूबाईंना बोटीत बसवताना त्यांच्या पायातली चप्पल पाण्यात गेली, त्या अनवाणी पायानं छावणीत राहिल्या, हे त्यांनी ऐकलंय, बघितलेलं नाही. आम्ही घर विकतोय ते एवढ्यासाठीच, की त्या वयाच्या बाईला पुन्हा बोटीत बसवायची आमची ताकद राहिली नाही. हे कारण मी येणाऱ्या प्रत्येकाला सांगणार. दोन लाख कमी आले तर आले. भावजींनी आपल्या वाट्यातनं कापून घेऊ नयेत, आमच्यातनं कापावेत. त्यांना हे फोनवरच सांगितलं, आणि पहिल्यांदाच हे शेजारी बसून "बरोबर बोलतेय ती" म्हणाले.

आज सकाळी फोटो परत खिळ्यावर लावला. मशीन जागेवर, बरण्या फळीवर. परवापासनं चकल्यांची भाजणी आहे, तळणीचा वास येणार, ज्याला सोसत नाही त्यानं दिवाळीनंतर यावं. रंगाऱ्याचे झाले तेवढे पैसे देऊन टाकले आणि खालच्या भिंती तशाच वाळत ठेवल्यात. एजंटाला निरोप धाडलाय, यापुढं या घरातल्या एका खिळ्याला हात लावायचा असला तर मला विचारायचं, नाहीतर दुसरं घर बघायचं. आणि तो राखाडी सोफा संध्याकाळपर्यंत उचलला नाही तर मी तो रस्त्यावर काढून ठेवणार आहे, भाडं ज्यानं ठरवलं त्यानं भरावं.