दोनदाच घातलंय जी!

बाळ दोन वर्षांचं झालं की घरातली एक खोली त्याच्या सामानाच्या नावावर होते आणि तुम्ही हॉलमध्ये झोपायला येता. पाळणा, बाबागाडी, वॉकर, उंच खुर्ची, अंघोळीचे तीन टब (त्यातले दोन बारशाला आलेले) आणि झबल्या-टोपड्यांची बोचकी. अशात कोणीतरी सांगतं, की लहान मुलांचं जुनं सामान रोख पैसे देऊन घेणारी दुकानं आता आपल्या नागपुरातही निघाली आहेत. तुमच्या डोळ्यांपुढे आकडे नाचू लागतात. नाचू द्या. दुकानात पोचेपर्यंत तेवढीच करमणूक.

आता तयारी. काही लोक कपडे धुऊन, इस्त्री करून, मापाप्रमाणे गठ्ठे लावून नेतात. त्यांना भाव बरा मिळतो म्हणतात, पण तो कष्टाचा पैसा झाला. आपण माळ्यावरचं बोचकं आहे तसंच उचलायचं. नागपूरचे दोन उन्हाळे स्लॅबखाली काढल्यावर आत काय झालंय, ते दुकानदारासमोरच उघड व्हावं. चड्डीचं इलास्टिक ताणलं की ताणलेलंच राहतं. खुर्चीच्या पट्ट्याचं प्लॅस्टिकचं बकल हातात येतं. ठेवताना पांढरंशुभ्र असलेल्या झबल्याच्या गळ्याभोवती पिवळी नक्षी उमटलेली असते. हा दुधाचा डाग. धुतल्यावर गेला असं वाटतं, पण तो कुठेही गेलेला नसतो, माळ्यावरच्या उकाड्यात निवांत पिकत असतो. दुकानदार त्यावर बोट ठेवेल. तुम्ही न डगमगता म्हणायचं, "डिझाइन आहे जी."

बाबागाडी नेत असाल तर चाकांकडे पाहू नका. आसाभोवती घरातल्या समस्त बायकांचे केस, दोरे आणि फुटाळा तलावाची माती गुंडाळलेली असते. सुरी आणि अर्धा तास असला की निघतं. पण गाडी का अडते हे दुकानदाराने स्वतः शोधून काढण्यात जो आनंद आहे तो त्याचा त्याला मिळू द्या.

वेळ रविवारची दुपार ठरवा. दुकानात घेणाऱ्यांची गर्दी असते, म्हणजे तुमचा सौदा सगळ्यांना ऐकू जाईल. आणि मे महिन्यात स्वेटर न्या. दुकानदार म्हणेल, "ताई, थंडीचं सामान आम्ही दिवाळीच्या आधी घेतो." नागपूरची थंडी मोजून दीड-दोन महिन्यांची, त्यात तिबेटी स्वेटरवाले दुकानं थाटून बसतात, लेकरू पुढच्या थंडीपर्यंत मापाबाहेर जातं, हे सगळं खरं आहे. तरी वाद घाला. पारा पंचेचाळीसवर असताना लोकरीच्या कानटोपीची बाजू लावून धरायला धैर्य लागतं.

आता मुख्य वाक्य: "दोनदाच घातलंय जी." हे प्रत्येक नगामागे म्हणायचं. शाळेत जाणाऱ्या पोराच्या गुडघ्याला फाटलेल्या पँटबद्दलसुद्धा. एका वस्तूबाबत मात्र ते शंभर टक्के खरं असतं, ती म्हणजे पहिल्या वाढदिवसाची शेरवानी. एकदा फोटोसाठी घातली, एकदा रडून काढली. महागाची असते, नवीकोरी असते, म्हणून सगळे तीच घेऊन येतात. दुकानात तिची अख्खी रांग टांगलेली असते, आणि विचारायला कोणी येत नाही, कारण ज्यांना शेरवानी हवी असते त्यांना नवीच हवी असते. खपतं ते रोजच्या वापराचं: कापडी लंगोट, दुपटी, सुती झबली. आणि ते तुम्ही फरशी पुसायला घेतलेलं असतं.

मग दुकानदार भाव सांगेल. साडेआठ हजारांच्या बाबागाडीचे बाराशे. इथे छातीवर हात ठेवा. तो समजावेल, की गांधीबाग-इतवारीत नवं झबलं ज्या भावात मिळतं त्याच्या निम्म्यालाही जुनं विकता आलं तर नशीब. त्यातून भाडं, नोकर, धुलाई आणि न खपलेला माल वजा जाता उरेल ते तुम्हाला. तो हेही सांगेल, की रोख नको असेल तर सामान ठेवून जा, विकलं की वाटा देतो, तो जास्त पडतो. नाही विकलं तर तीन महिन्यांनी घेऊन जा. दोन्ही पद्धती नीट ऐका आणि पैसे रोखीने मागा, भाव मात्र ठेवीचा. पटत नसेल तर आठवणी काढा. या टोपड्यात ती पहिल्यांदा हसली. या दुपट्यात मामाने तिला दवाखान्यातून घरी आणलं. दुकानदार मान हलवेल, कारण तो भला माणूस आहे, आणि मान हलवतच म्हणेल, "टोपड्याचे दहा रुपये."

याच फेरीत कोपऱ्यातली दुसऱ्याची तीनचाकी तुम्हाला आवडेल. आता चेहरा बदला. कोणाच्या लेकराची असेल काय माहीत, खरचटली आहे, जुन्याला कोणी एवढे देतं का, असं मोठ्याने बोला. आपल्या घरात नवजात बाळाला पहिले कपडे जुन्या मऊ लुगड्याचेच लागतात, धडधाकट पोराचं वापरलेलं झबलं मुद्दाम मागून आणतात, हे तेवढ्यापुरतं विसरा. फुकट मिळालेलं जुनं शुभ असतं. विकत घ्यायचं म्हटलं की त्याला वास येतो.

कारमधल्या बाळाच्या सीटबद्दल थोडक्यात. २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्यात १९४ ब कलम आलं: चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा सुरक्षा सीट नसेल तर हजार रुपये दंड. बऱ्याच सीटच्या तळाशी वापराची मुदत छापलेली असते, आणि अपघातातून गेलेली सीट वरून धड दिसली तरी पुन्हा वापरायची नसते. म्हणून दुकानदार विचारेल, "गाडी ठोकली होती का कधी?" तेव्हा "ठोकली नाही जी, छत्रपती चौकात जरा टेकली" असं सांगून पाहा. वॉकरचं तर विचारूच नका. कॅनडात २००४ पासून तो विकायला बंदी आहे, जुनासुद्धा. तिथे पोरं वॉकरसकट जिन्यावरून गडगडली म्हणून. आपल्याकडे मात्र प्रत्येक माळ्यावर एक असतो, आणि दुकानाने नाकारला की थेट मावसबहिणीच्या घरी पोचतो.

नाकारलेल्या बोचक्यासकट परत येताना तान्ह्या पोळ्याचा दिवस (पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा, लेकरांचा पोळा) असेल तर जुन्या नागपुरातल्या महाल भागाकडून या. मारबत म्हणजे मिरवणुकीने गावाबाहेर नेऊन जाळायचा बाईचा पुतळा. काळी मारबत १८८१ पासून निघते, पिवळी १८८५ पासून, आणि "घेऊन जा गे मारबत" अशी आरोळी अख्खं गाव ठोकतं. इडापीडा, रोगराई, महागाई सगळं ती नेते. अंघोळीचे टब नेत नाही. त्याच संध्याकाळी पोरं लाकडी नंदी घेऊन निघतात. लेकरांच्या सामानात जुना झाल्यावर भाव खाणारी ती एकच वस्तू, आणि तुमच्याकडे असलीच तर ती आजोबांच्या वेळची असते, तिला हात लावायची तुमची टाप नाही.

राहिलेले कपडे भांडेवालीला द्या. ती दारात बसून तीच सगळी तपासणी दोन मिनिटांत करते, शेरवानी आधी बाजूला फेकते, आणि चहाची गाळणी पुढे करते. तिच्यापुढे आठवणी काढू नका. तिने तिच्या काढल्या तर गाळणीही जाईल.

आता उरला पाळणा. तो नेणं सगळ्यात कठीण, आणि त्याचा भावाशी काही संबंध नाही. पाळणा दाराबाहेर आला रे आला की सासूबाई विचारणार, "काऊन वं, दुसऱ्याचा विचार नाही का?" रात्रीपर्यंत अमरावतीच्या आत्याचा फोन येतो, सकाळी वर्ध्याच्या काकांचा. तुम्ही दोघांनी कधी आपसातही धड न बोललेल्या विषयावर अख्ख्या खानदानाची बैठक बसते. म्हणून सासूबाई झोपल्या की दुपारीच काढा. लिफ्टमध्ये मावत नाही, जिन्याने न्या. समोरच्या काकूंनी गाठलंच तर सांगा, दुरुस्तीला चाललाय.

काकू लगेच अभिनंदन करतील, आणि कितवा महिना ते विचारतील.