प्रतिक्रियेला उत्तर: इंजिनवर एम-सील चालतं की नाही?

दादा, प्रतिक्रिया तिखट आहे, पण मुद्द्याची आहे, म्हणून 'धन्यवाद' म्हणून मोकळा होत नाही. तुमचं म्हणणं असं: जुन्या बुलेटच्या क्लच कव्हरवरचे खड्डे तुम्ही एम-सीलने भरले, घासले, रंगवले, आणि दोन वर्षं झाली तरी टवका उडालेला नाही. मग 'इंजिनला एम-सील नको' असं लिहून मी लोकांना महागड्या ट्यूबच्या नादी का लावतो? आणि उष्णतेची एवढीच धास्ती असेल, तर हजार अंश सोसणारी सायलेन्सर पुट्टी काय वाईट?

तुमचं कव्हर टिकलं याचं मला नवल नाही. कास्ट आयर्न बुलेटची डावीकडची ती क्लचची पेटी इंजिनच्या तेलापासून वेगळी, तिचं तेल स्वतंत्र, आणि सिलिंडरच्या माथ्यावरच्या तापणाऱ्या हेडपासून ती चांगली लांब. तिथली ऊब एम-सील सहज सोसतं. आता तेच उजवीकडच्या टायमिंग कव्हरवर लावा. तिथे आत ऑइल पंप आणि इंजिनचं गरम तेल. मे महिन्यात घाट चढून आलं की एअर-कूल्ड इंजिनचं तेल शंभर अंशांच्या घरात जातं, आणि भट्टीत न भाजता आपोआप घट्ट होणारी एम-सीलसारखी साधी इपॉक्सी साठ-सत्तरच्या पुढे मऊ पडायला लागते. ती गळून पडत नाही, म्हणून तर माणूस फसतो. आधी रंगाखाली भरावाची कड उमटते. मग इंजिन गरम असताना नख दाबलं तर खूण राहते. थंड झालं की पुन्हा दगडासारखं कडक, म्हणजे संशयालाही जागा नाही! पुढे कधीतरी कडेने तेल आत शिरतं आणि पापुद्रा सुटतो.

म्हणून माझा आग्रह ट्यूबच्या किमतीचा नाही, जागेचा आहे. 'इंजिन किती तापतं' या प्रश्नाला अर्थ नाही. कोमट क्लच कव्हर आणि जळका धूर बाहेर पडतो त्या एक्झॉस्ट पोर्टची तापलेली कड एकाच इंजिनवर असतात. टायमिंग कव्हर आणि चेंबरच्या (इंजिनच्या खालच्या पेटीच्या) बाहेरच्या अंगाला धातूची पूड असलेली, दोन ट्यूबवाली इपॉक्सी वापरावी. जेबी वेल्ड या अशाच इपॉक्सीच्या मूळ प्रकाराला कंपनी २८७ अंशांपर्यंतचा आकडा देते. मी त्यातला बराचसा भाग सोडून देतो आणि दीडशेच्या पुढे तिच्यावर भिस्त ठेवत नाही, कारण रोज तापणं आणि निवणं हे एकदा तापण्यापेक्षा वाईट. ॲल्युमिनियमचा दहा सेंटीमीटरचा तुकडा दीडशे अंशांनी तापला तर साधारण एक तृतीयांश मिलिमीटर वाढतो. भराव त्याच्याबरोबर सरकला पाहिजे, नाहीतर कडेने सुटणार.

सायलेन्सर पुट्टी नेमकी इथेच मार खाते. हजार अंश ती सोसते, खरं आहे. पण ती सिलिकेटची, वाळली की खापरासारखी. कडा पातळ करत घासायला गेलात की तुकडे उडतात, आणि ॲल्युमिनियमच्या हालचालीला ती दाद देत नाही. बेंड पाइपच्या जोडातली गळती बुजवायला ती उत्तम. गुळगुळीत करायचं काम तिचं नव्हे. डेंटर-पेंटरकडची पॉलिस्टर पुट्टी पत्र्यासाठी असते, तिच्याबद्दल अधिक बोलत नाही.

खरा जीव आहे तो तयारीत, आणि तुमचा सगळा राग ट्यूबवर निघाल्यामुळे हा भाग राहूनच गेला. जुनं ओतीव ॲल्युमिनियम सच्छिद्र असतं, वर्षानुवर्षं तेल प्यालेलं. थिनरने पुसून लख्ख दिसणाऱ्या कव्हरवर हीट गन फिरवा. दोन-तीन मिनिटांत बारीक तपकिरी थेंब घामासारखे वर येतील. ते पुसायचे, पुन्हा तापवायचं, येणं थांबेपर्यंत. मग ऐंशी नंबरच्या पॉलिश पेपरने खरवडायचं, ॲसिटोनने पुसायचं आणि लगेच भराव लावायचा. रात्रभर ठेवलंत तर ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर पुन्हा बसलेला असतो. हे न करता अमेरिकेहून मागवलेली ट्यूब लावली तरी ती एम-सीलच्या आधी सुटेल.

आता तुमच्या मित्राच्या बुलेटचं. हेडची एक्झॉस्टकडची फिन (उष्णता बाहेर टाकणारी पातळ पट्टी) तुटली आहे, तिथे काय भरावं, असं तुम्ही शेवटी विचारलंय. काहीही भरू नका. तिथली उष्णता इपॉक्सीच्या आवाक्याबाहेरची. शिवाय ओतीव ॲल्युमिनियम उष्णता इपॉक्सीच्या शंभरपटीहून जास्त वेगाने वाहून नेतं, म्हणजे तुम्ही फिन जोडणार नाही, नुसता तिचा आकार जोडणार. आर्गन वेल्डिंगवाल्याकडे जा, फिन भरून घ्या, कानसीने आकार द्या. सिलिंडरच्या फिनांवरचे गंजाचे खड्डेही भरू नयेत. ब्लास्टिंग (काचेच्या बारीक मण्यांचा मारा) करून उष्णतारोधक काळा रंग दिला की हातभर अंतरावरून ते दिसतही नाहीत. मात्र ब्लास्टिंगला देताना तेलाच्या वाटा आणि सिलिंडरचा बोअर (पिस्टनची पोकळी) बंद करून द्या. काचेचा एक मणी आत राहिला तरी बेअरिंगची वाट लागते.

आणि पावडर कोटिंग करणार असाल तर भट्टी १८० ते २०० अंशांची असते. कव्हरवर भराव आहे हे त्या माणसाला आधी सांगा. त्याच ट्यूबचा ठिपका भंगारातल्या ॲल्युमिनियमच्या तुकड्यावर लावून तो त्याच्या भट्टीत एकदा भाजून घ्या. फुगला किंवा कड सुटली, तर कव्हर आत जाऊ देऊ नका.