तेरा न्हाणीघरं आणि एक पंचा

स्की भाड्याने घ्यायची तर दुकानाला आधी वजन कळवावं लागतं. शिवाय उंची, वय, सेंटिमीटरमध्ये पावलाचं माप आणि 'आपलं कौशल्य'. कौशल्याच्या रकान्यात खोटं बोलायला वावच नव्हता. डोंबिवलीच्या माणसाचा बर्फाशी संबंध येतो तो गोळ्यापुरता, तोही कालाखट्टा. वजनाच्या रकान्यात मात्र मी सफाईने ७४ लिहिलं.

"अहो, काल बॅगा तोलायच्या काट्यावर कोण उभं होतं?" मागून आवाज आला.

फोनवर भाच्याने समजावलं. बूट स्कीला धरून ठेवणारी पकड माणसाचं वजन बघून घट्ट करतात. पडल्यावर ती वेळेवर सुटली नाही तर पाय मोडतो. आणि वजन कमी सांगितलं तर ती उगाचच भर उतारावर सुटते. मी ७४ खोडून ८१ केलं. खरा आकडा ८४ होता, पण घरातले काटे काही प्रमाणित नसतात.

हे सगळं त्या भाच्याचंच कारस्थान. तो टोकियोत निशी-कासाईला राहतो. तिथे आपली इतकी माणसं आहेत की कोथिंबिरीवाचून कुणाचं अडत नाही. "मामा, जानेवारीत या. नोझावा ओन्सेनला जाऊ. जुनं गाव आहे, वर बर्फ, खाली गरम पाण्याचे झरे." मी 'गरम पाणी' एवढंच ऐकलं आणि हो म्हणालो. बर्फाचा भाग नंतर लक्षात आला.

नोझावा नागानो प्रांतात. टोकियोहून शिंकान्सेन या बुलेट ट्रेनने ईयामापर्यंत दोन तासांच्या आत, पुढे बसने साधारण २५ मिनिटं. आम्हाला डोंबिवलीहून चर्चगेटला याहून कमी वेळ लागतो, असं म्हणायची माझी फार इच्छा आहे. गावामागचा केनाशी डोंगर १६५० मीटर. हा आकडा कुठेतरी वाचलाय असं वाटत राहिलं आणि मग उजेड पडला: आपली कळसूबाई १६४६! म्हणजे हे लोक मला रोपवेच्या पाळण्यात बसवून कळसूबाईच्या माथ्याजवळ नेणार, पायांना दोन फळ्या बांधणार आणि 'या आता खाली' म्हणणार. कळसूबाईला निदान लोखंडी शिड्या तरी आहेत.

धीर यावा म्हणून मी भारतीयांचा इतिहास धुंडाळला. १९९८ च्या नागानो हिवाळी ऑलिंपिकमध्ये (त्यातली बायॅथलॉन, म्हणजे स्कीवरून जाता जाता नेमबाजी, याच नोझावाला झाली) भारताचा खेळाडू एकच, मनालीचा शिवा केशवन, वय वर्षं १६. त्याचा खेळ ल्यूज. त्यात छोट्या घसरगाडीवर उताणं पडून खाली यायचं असतं. झोपून करता येणारा हिवाळी खेळ असतो हे कळल्यावर मला क्षणभर पालवी फुटली. भाचा म्हणाला, त्याचा ताशी वेग शंभराच्या वर असतो. पालवी गळाली.

मग व्हिसा. त्यासाठी रोजचा कार्यक्रम तारीखवार लिहून द्यावा लागतो. जो माणूस रविवारी दुपारी काय करणार हे शनिवारी रात्री सांगू शकत नाही, त्याने परक्या सरकारला तीन महिने आधी मंगळवारचा बेत कळवायचा. मी प्रामाणिकपणे 'स्की शिकणे', 'स्की शिकणे', 'विश्रांती', 'विश्रांती' असं लिहिलं. बायकोने शेवटच्या दोन ओळी खोडल्या. म्हणाली, हॉस्पिटलमध्ये आहात असं वाटेल त्यांना.

मंगळवारावरून आठवलं. तिकडच्या पारंपरिक सराईमध्ये संध्याकाळचं जेवण ठरलेलं असतं, म्हणून काय चालत नाही ते आधी कळवायचं. आम्ही मासे खातो. पण मंगळवारी नाही, गुरुवारी नाही, आणि संकष्टी आली तर त्या दिवशी नाही. शिवाय तिकडे वरवर शाकाहारी दिसणाऱ्या सूपातही वाळवलेल्या बोनिटो माशाचा अर्क असतो. त्याला दाशी म्हणतात. हे सगळं मी सविस्तर ईमेलमध्ये मांडलं. दुसऱ्या दिवशी अत्यंत अदबशीर उत्तर आलं: 'आपल्याला मंगळवारी आणि गुरुवारी माशांची अ‍ॅलर्जी असते, याची नोंद घेतली आहे. संकष्टी या पदार्थाबद्दल कृपया अधिक माहिती द्यावी.' आमच्या आहारशास्त्राचा इतका नेमका सारांश घरातल्या कुणालाही आजवर करता आला नव्हता. संकष्टीचं उत्तर अजून लिहितोय.

तारखाही सोप्या नव्हत्या. १५ जानेवारीला गावात अग्नी उत्सव असतो. बीच नावाच्या झाडाच्या लाकडांचं उंच देऊळ रचतात. त्यावर ४२ वर्षांचे पुरुष बसतात, पायथ्याशी २५ वर्षांचे राखण करतात आणि उरलेलं गाव मशाली घेऊन चाल करून येतं. ही दोन्ही वयं तिकडे अशुभ, म्हणजे आपल्या साडेसातीसारखी. शेवटी सगळे खाली उतरतात आणि देवळाची होळी होते. माझ्या बेचाळिशीत माझ्यावर मशाली घेऊन कुणी आलं नव्हतं, फक्त गृहकर्जाचा हप्ता वाढला होता. त्या रात्रीच्या खोल्या अर्थातच कधीच संपल्या होत्या. "बरंच झालं," बायको म्हणाली, "संक्रांत निशी-कासाईत करू." आणि सामानात तीन किलो तिळगूळ वाढला.

इथवर सगळं नेहमीच्या फजितीतलं होतं. खरा प्रश्न न्हाणीचा. गावात १३ सार्वजनिक स्नानगृहं आहेत, सगळी फुकट, दारात पेटी, मनाला येईल ते टाका. गावकऱ्यांची मंडळी पिढ्यान् पिढ्या ती पाळीपाळीने धुतात. (आमच्या सोसायटीत गच्चीवरची एक टाकी कुणी धुवायची यावर दोन सभा तहकूब झाल्यात.) ओगामा नावाच्या एका झऱ्याचं पाणी ९० अंशांच्या आसपास असतं. त्यात गावातल्या बायका भाजी उकडतात. आंघोळीचं पाणी तितकं नाही, पण आपल्याला 'आई गं' म्हणायला लावेल इतकं असतंच. आणि या १३ ही ठिकाणी एकच नियम: अंगावर काहीही नको. चड्डी नाही, लंगोट नाही, अब्रू नाही.

मी वज्रेश्वरीच्या कुंडात उतरलेला माणूस आहे, पण पंचा नेसून. बायकोला काहीच वाटलं नाही. "बायका वेगळ्या, पुरुष वेगळे, मग झालं की," एवढं बोलून ती तिळगुळाकडे वळली. म्हणजे पुरुषांच्या बाजूला मी आणि भाचा. ज्याच्या बोरन्हाणात मी खाली बसून बोरं वेचली, तो आता त्याच पोशाखात मला शेजारी बसवून शिस्त शिकवणार: आधी घमेल्याने अंग धुवायचं, मग उतरायचं, गार पाण्याचा नळ शेजाऱ्यांना विचारल्याशिवाय सोडायचा नाही, आणि हातातला छोटा टॉवेल पाण्याला लागू द्यायचा नाही, घडी करून डोक्यावर ठेवायचा.

शेवटी गेल्या रविवारी मी माळ्यावरून आजोबांचं तांब्याचं घंगाळ काढलं, गिझर सोडला, मुलीच्या लहानपणीचा तापमापक पाण्यात धरला. ४२ झाल्यावर उतरलो. म्हणजे जेवढा मावलो तेवढा उतरलो. दाराबाहेर बायकोने भाच्याला फोन लावून स्पीकर चालू केला.

"कसं वाटतंय, मामा?"

"छान," मी ओठ चावत म्हणालो.

"अंग आधी धुतलंत ना?"

"हो तर."

"आणि पंचा कुठे आहे?"

मी खाली पाहिलं. कमरेला, चांगली दुहेरी गाठ मारून.

"डोक्यावर," मी म्हणालो.