कमलाबाईंचं नाव लेखातून काढणार नाही

नमस्कार सर,

तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. रसायनशास्त्रज्ञांवरच्या माझ्या लेखात अठराव्या शतकातल्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लव्हाझिएच्या पंक्तीला आपल्या जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनींना बसवलं, हे तुम्हाला खटकलं. इतिहास सिद्धांत बदलणाऱ्यांचा असतो, चाळीस पानी प्रबंध आणि नीरेतली जीवनसत्त्वं एवढ्यावर त्यात जागा मिळत नाही, हा निव्वळ मराठी अभिमान आहे, असं तुमचं म्हणणं. भौतिकशास्त्रज्ञ सी. व्ही. रामन यांचा उल्लेखही तुम्हाला अनाठायी वाटला. तुम्ही माटुंग्याला यूडीसीटीत, म्हणजे मुंबई विद्यापीठाच्या तेव्हाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागात शिकलेले, तेव्हा दोन ओळींत उत्तर उरकणं बरं दिसणार नाही.

पंक्तीचंच आधी घेते. लव्हाझिएचं नाव निघालं की आपण ज्वलन आणि ऑक्सिजनपाशी थांबतो. त्याने गणितज्ञ लाप्लासबरोबर गिनीपिगवर केलेला प्रयोग शाळेत क्वचितच कुणी सांगतं. १७८२-८३ चा हिवाळा. चहूबाजूंनी बर्फ भरलेल्या भांड्यात गिनीपिग ठेवला, त्याच्या अंगच्या उष्णतेने जे बर्फ वितळलं त्याचं पाणी खालून गोळा करून तोललं. मग गिनीपिगने जितका कार्बन डायऑक्साइड सोडला तितकाच देणारा कोळसा जाळला, तर किती बर्फ वितळेल ते पाहिलं. दोन्ही आकडे बऱ्यापैकी जवळ आले. श्वसन म्हणजे मंद ज्वलनच, हे त्याने त्यावरून मांडलं. मात्र हे ज्वलन फुप्फुसात होतं, अशी त्याची समजूत होती.

ते प्रत्यक्षात पेशीपेशीत चालतं, हे कळायला पुढे खूप काळ गेला. आणि पेशीत ते होतं कसं? १९२५ मध्ये केंब्रिजला डेव्हिड कीलिनने वर्णपटदर्शकातून प्राण्यांच्या स्नायूंत, यीस्टमध्ये आणि वनस्पतींतही काही ठरावीक काळे पट्टे पाहिले. ते सायटोक्रोम नावाच्या प्रथिनांचे होते. अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन ऑक्सिजनपर्यंत पोचवणारी ही साखळी. वनस्पतींच्या श्वसनात तिचं काम नेमकं कसं चालतं, हे मात्र अजून उलगडायचं होतं. त्याच केंब्रिजमध्ये जीवरसायनशास्त्रज्ञ रॉबिन हिल यांच्याबरोबर कमलाबाईंनी, तेव्हाच्या कमला भागवतांनी, ते काम हाती घेतलं. बटाट्यासारख्या साध्या कंदावर काम करून वनस्पतींच्या ऑक्सिडेशनमध्ये त्यातल्याच एका, सायटोक्रोम सीचा वाटा त्यांनी दाखवला आणि १९३९ मध्ये पीएच.डी. मिळवली. लव्हाझिएने विचारलेला प्रश्नच पुढे नेणाऱ्या माणसांत त्या आहेत. म्हणून पंक्ती तीच. आणि चाळीस पानांत काम सांगून झालं असेल तर एक्केचाळिसावं पान कशासाठी हवं?

नीरेबद्दल तुम्ही फार हलक्या हाताने लिहिलंत, त्याचं मला वाईट वाटलं. मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये जीवरसायनशास्त्र शिकवताना कमलाबाईंनी नीरा, कडधान्यं, गरिबाच्या ताटातलं स्वस्त अन्न हेच संशोधनाचे विषय निवडले. नीरेत अ आणि क जीवनसत्त्वं व लोह आहे हे त्यांनी दाखवलं, आणि कुपोषित आदिवासी मुलांना व गरोदर बायकांना ती देऊन तब्येत सुधारते हेही पाहिलं. नंतर भेसळ ओळखण्याच्या सोप्या चाचण्या घरोघरच्या बायकांपर्यंत नेल्या. याला विज्ञानाच्या इतिहासात जागा नसेल तर तो इतिहास फारच अरुंद म्हणावा लागेल.

रामन यांच्या भौतिकशास्त्राला माझ्या लेखाने धक्का लागत नाही, लागायचं कारणही नाही. पण १९३३ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेचे संचालक असताना त्यांनी कमलाबाईंना केवळ बाई म्हणून प्रवेश नाकारला, मग त्या अडून बसल्यावर वर्षभर अजमावून पाहण्याच्या अटीवर दिला, हेही घडलेलंच आहे. त्या वर्षातलं कमलाबाईंचं काम पाहिल्यावर रामन यांचं मत बदललं आणि पुढच्या मुलींसाठी बंगळूरची ती दारं उघडली. हे गाळून त्यांची ओळख कशी करून द्यायची?

राहता राहिला सिद्धांताचा निकष. तो लावला तर तुमच्याच यूडीसीटीचे पहिले भारतीय संचालक के. वेंकटरामनही बाहेर जातील. १९३८ पासून जवळजवळ दोन दशकं त्यांनी ती संस्था घडवली, मुंबईच्या कापडगिरण्यांना लागणाऱ्या रंगांचं रसायनशास्त्र इथे रुजवलं. फ्लॅव्होन, म्हणजे वनस्पतींतल्या रंगद्रव्यांच्या कुळातली संयुगं, बनवण्याच्या ज्या अभिक्रियेला बेकर-वेंकटरामन म्हणतात, त्यातले वेंकटरामन तेच. सिद्धांत त्यांनीही उलटवला नव्हता. त्यांना वगळायला तुम्ही तयार व्हाल असं मला वाटत नाही.

पुढचा लेख त्यांच्यावरच लिहायचा विचार आहे. रंगांच्या त्या प्रयोगशाळेबद्दल तुम्हाला जे आठवत असेल ते सवडीने लिहून पाठवा, हात जोडून विनंती.